पानामागची शिबंदी

गेल्या हिवाळ्यातले दोन महिने मी हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी मुलीच्या बिऱ्हाडी काढले. बाहेर पाच वाजण्यापूर्वीच अंधारून येई, कालव्यांच्या पाण्यावर दिवसभर शिशाच्या रंगाचे आभाळ पसरलेले असे, आणि घरात मात्र भिंतीलगतच्या रेडिएटरांची ती कोरडी, ओठ फुटायला लावणारी ऊब अहोरात्र भरून राही. अशा घरात माझ्यासारख्या निवृत्त माणसाला करण्याजोगी कामे दोनच: वाचन करणे आणि खिडकीतल्या झाडांना पाणी घालणे. त्या खिडकीत एक एरेका पाम, दोन आयव्हीचे वेल, एक नखरेल कॅलाथिया, आणि या परक्या मंडळींत काहीशी अंग चोरून बसलेली एक तुळस व एक कढीपत्ता, एवढा संसार होता.

मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात तुळशीची पाने निस्तेज दिसू लागली. कुणीतरी सुईच्या अग्राने टोचून टोचून त्यांतला हिरवा रंग थेंबाथेंबाने काढून घ्यावा, तसे फिकट ठिपके पानभर उमटले होते. मी आधी उन्हाच्या अभावाला दोष दिला, मग तिथल्या क्षारयुक्त पाण्याला, आणि अखेरीस, वडीलधाऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, मुलीच्या हयगयीला. तिने यावर काही उत्तर न देता एक पांढरा कागद आणला, तो फांदीखाली धरला आणि फांदीवर बोटाने दोन टिचक्या मारल्या. कागदावर चिमूटभर धूळ पडली. "आता नुसतं बघत राहा, बाबा," ती म्हणाली. मी चष्मा पुसून पाहू लागलो, आणि थोड्या वेळाने ती धूळ चालू लागली.

दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घरात होते. ते घेऊन मी पान उलटे केले, तेव्हा पानाच्या पाठीवर, शिरांच्या आडोशाने, एक भरभराटीची वसाहत नांदताना दिसली. आपल्याकडे गुलाब, वांगी, भेंडी यांवर पडणाऱ्या या किडीला शेतकरी सरसकट 'लाल कोळी' म्हणतात, आणि त्या नावाचा संस्कार माझ्या डोळ्यांवर इतका दृढ होता की मी बराच वेळ लाल रंगाचाच प्राणी शोधीत राहिलो. प्रत्यक्षात समोर होते ते पिवळसर हिरव्या अंगाचे, दोन्ही कुशींवर एकेक काळा डाग असलेले, आठ पायांवर संथपणे हिंडणारे जीव. त्यांच्या आसपास वाटोळी, पारदर्शक, बारीक मोत्यांसारखी अंडी विखुरलेली होती, आणि या साऱ्यावर रेशमाचे एक अतितलम छत ताणलेले होते. नावातल्या 'लाल' या शब्दाने माझी केलेली ही पहिली फसवणूक. दुसरी पुढे व्हायची होती.

*

हा प्राणी कीटक नव्हे. कीटकांना पाय सहा, याला आठ. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या कुळात मोडतात त्याच अष्टपाद कुळातला हा. सी. एल. कोख या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ साली याचे शास्त्रीय वर्णन केले आणि टेट्रानिकस उर्टिसी या नावाने त्याची नोंद झाली. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी अर्धा मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्याही निम्म्याहून कमी. परंतु या अल्पमूर्तीच्या वहिवाटीखाली असलेला मुलूख पाहिला तर मोठमोठ्या बादशहांना असूया वाटावी. ११०० हून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो निर्वाह करतो. आपल्या सुईसारख्या मुखांगाने तो पानाची एकेक पेशी भेदतो आणि तिच्यातला हरितद्रव्यासकट सारा ऐवज शोषून घेतो. मला दिसलेला प्रत्येक फिकट ठिपका म्हणजे अशा रित्या केलेल्या कोठारांचा एकेक पुंजका होता.

त्याच्या वंशवृद्धीची तऱ्हा तर विलक्षण आहे. अनुकूल उष्णतेत अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा त्याचा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो, आणि एक मादी आपल्या दोन-चार आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालते. फलित अंड्यांतून माद्या निपजतात, अफलित अंड्यांतून नर. त्यामुळे एखादी एकटी, नराचे दर्शनही न झालेली मादी जरी वाऱ्यावर तरंगत किंवा आपल्या सदऱ्याच्या बाहीला चिकटून नव्या कुंडीत पोहोचली, तरी ती आधी पुत्र प्रसवते, पुढे त्यांच्याशीच संग करते आणि तिथून पुढे दोन्ही लिंगांची प्रजा उत्पन्न होऊन राज्य स्थिर होते. घरातली झाडे तर तिला आंदणच मिळालेली असतात. उघड्यावर पाऊस तिला धुऊन काढतो आणि तिला खाणारे दहा जीव आसपास वावरत असतात. बंद खिडकीआड पाऊस नाही, शत्रू नाही, आणि रेडिएटरची जी शुष्क हवा झाडाला मानवत नाही तीच तिला मनापासून मानवते.

"मग फवारून टाकू की एखादं औषध," मी म्हणालो. आमच्या पिढीला हा उपाय उपाय वाटतच नाही, प्रतिक्षिप्त क्रियाच वाटते.

"तुळशीवर? आणि कढीपत्त्यावर? फोडणीत काय घालायचं मग?" मुलगी म्हणाली, आणि किंचित थांबून, "शिवाय बाबा, फवाऱ्यानंच तर हे दुखणं वाढवलंय."

*

तिचे म्हणणे इतिहासाला धरून होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा कोळी अगदी नगण्य होता असे नाही, पण आजच्याइतकी त्याची दहशत नव्हती. महायुद्धानंतर डी.डी.टी.चे युग अवतरले; त्या द्रव्याची कीटकनाशक शक्ती शोधून काढणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले; आणि ज्या फळबागांतून व काचघरांतून या दिव्यास्त्राचा मुक्तहस्ते वर्षाव झाला, त्यांतच कोळ्यांचे प्रचंड उद्रेक होऊ लागले. कारण शोधू गेल्यावर असे दिसले की डी.डी.टी.ने कोळी फारसे मरत नव्हते. मरत होते ते कोळ्यांवर जगणारे भुंगेरे आणि भक्षक कोळी. वाड्यात चोर शिरला म्हणून विषाचा धूर करावा, त्याने चौकीदार तेवढे गतप्राण व्हावेत आणि चोर खोकतखोकत जामदारखान्यात शिरावा, तसा हा प्रकार झाला. पुढे खास कोळ्यांसाठी नवी विषे आली, आणि प्रत्येकाशी या प्राण्याने काही वर्षांत जुळवून घेतले. आजमितीस ९० हून अधिक विषद्रव्यांना त्याच्या कुठल्या ना कुठल्या वंशाने प्रतिकार केल्याची नोंद आहे. ज्याच्या दहा दिवसांत एक पिढी उलटते, त्याला नव्या हत्याराची सवय करून घ्यायला वेळ तो किती लागणार?

काट्याने काटा काढण्याची कल्पना मात्र जुनी आहे. चिनी बागायतदार संत्र्या-लिंबांच्या झाडांवर मुंग्यांची घरटी टांगीत असत, याचा उल्लेख चौथ्या शतकाइतका मागे जातो. फ्रान्समधील द्राक्षवेलींचा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने संहार चालवला असता सी. व्ही. रायली या अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञाने १८७३ साली अमेरिकेहून एक भक्षक पाठवला, आणि तोही नेमका एक सूक्ष्म अष्टपादच होता; तो तिथे रुजला, पण कामगिरी त्याच्या हातून झाली नाही. आपल्या दख्खनच्या माळांवर फड्या निवडुंगाने जो धुमाकूळ घातला होता तो जिरवणारा कोचिनीलच्या जातीचा कीटक १९२६ साली सिंहलद्वीपातून आणला गेला. गावकुसाबाहेरचे निवडुंगाचे रान पाहता पाहता वाळून गेल्याची हकीकत मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. ते याचे श्रेय ग्रामदेवतेला देत.

*

आमच्या तुळशीच्या शत्रूचा शत्रू मात्र कोणी मुद्दाम धाडला नाही. तो चोरवाटेने आला. क्लेर आतिआस-आंरिओ या फ्रेंच विदुषीने १९५७ साली अल्जीरियात सापडलेल्या एका भक्षक कोळ्याचे वर्णन केले आणि त्याला 'पर्सिमिलिस', म्हणजे 'अतिसदृश', असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, चिली देशातून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर तांबड्या रंगाचे काही चपळ कोळी श्टुटगार्टजवळच्या होहेनहाइम येथे डॉसे या संशोधकाच्या हाती लागले. त्याने त्यांना नवी जात समजून निराळे नाव दिले. १९५९ साली लोम्बार्दिनी याने तिसरेच नाव दिले. आणि पुढे दप्तरे ताडून पाहिली तेव्हा हे तिन्ही इसम एकच असल्याचे निष्पन्न होऊन आधीचे नाव कायम झाले: फायटोसियुलस पर्सिमिलिस. डॉसे याने आपल्याजवळचे वाण इतर देशांतील संशोधकांना उदार हस्ते वाटले, आणि आज युरोपच्या काचघरांतून जी अगणित सेना खडी आहे तिच्या वंशावळीचे मूळ एका ऑर्किडच्या पानावर बसून समुद्र ओलांडलेल्या त्या मूठभर प्रवाशांपर्यंत जाऊन पोहोचते.

इंग्लंडात ससेक्स परगण्यातील लिटलहॅम्प्टनच्या काचघर-संशोधन संस्थेत हसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात काकडीच्या पिकावर या प्राण्याचे प्रयोग केले. हॉलंडात बेर्केल एन रोडेनरेइस या गावचा यान कोपर्ट हा काकडीचा बागायतदार औषधांनी बेजार झाला होता. फवारणीचा त्याच्या प्रकृतीला अपाय होई आणि कोळी तर तिला जुमानेनासे झाले होते. १९६७ साली त्याने आपल्या काचघरात पर्सिमिलिस सोडला, त्याचा गुण पाहून तो शेजाऱ्यांनाही पुरवू लागला, आणि त्यातूनच मित्रकीटक पैदा करून विकण्याचा जगद्व्यापी धंदा उभा राहिला. हे बेर्केल डेल्फ्टपासून सायकलीने अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे. एका संध्याकाळी मुलीने मला त्या बाजूला नेले. क्षितिजापर्यंत काचेची छपरे पसरली होती, आतल्या दिव्यांनी खालचे ढग केशरी झाले होते, आणि एका पाटाच्या कडेला उभे राहून मी मनाशी म्हटले की जगातल्या लष्करी छावण्यांमध्ये एवढी निःशब्द छावणी दुसरी नसेल.

*

मुलीने मागणी नोंदवल्यापासून चौथ्या दिवशी टपालाने आमची कुमक आली. बागायतदारांना मिळणाऱ्या एका बाटलीत २००० शिपाई असतात. आमच्या खिडकीसाठी त्याहून पुष्कळ लहान नळी होती. आत व्हर्मिक्युलाइटचा, म्हणजे अभ्रकासारख्या फुगीर खनिजाचा, भुसा होता आणि त्यात हे जीव मिसळलेले होते. सोबतच्या कागदावर ताकीद होती की माल हाती येताच वापरावा, साठवणे भागच पडले तर थंड जागी आडवा ठेवावा आणि एक-दोन दिवसांहून अधिक ठेवू नये. कारण यांची उपासमार लगेच सुरू होते. मुलीने नळी आडवी धरून तळहातांत हलकेच फिरवली, म्हणजे तळाशी गोळा झालेले जीव सर्वत्र सारखे मिसळतात, आणि मग मीठ भुरभुरावे तसा तो भुसा पानापानांवर भुरभुरला. त्याआधी आम्ही सगळी झाडे न्हाणीघरात नेऊन पाण्याच्या जोरदार झोताने पानांची पाठ धुऊन घेतली होती. शत्रूचे बळ आधी शक्य तितके खच्ची करावे आणि मगच फौज उतरवावी, हा या युद्धाचा पहिला नियम. दुसरा नियम असा की अगोदर विष फवारलेले असेल तर त्याचा अंमल पुरता ओसरेपर्यंत थांबावे. काही विषांचा अंश पानांवर कित्येक आठवडे टिकतो आणि आलेली कुमक पहिल्याच रात्री गारद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग लावून पाहतो तो तुळशीच्या पानावर एक चकचकीत तांबडा, पेअर फळाच्या आकाराचा प्राणी लांब पायांवर धावत सुटलेला. माझे बोट नकळत पुढे झाले. "अहो बाबा, थांबा! तो आपला आहे!" मुलगी ओरडली. ज्या नावाने मी जन्मभर शत्रूला ओळखत आलो त्या नावाचे सगळे लक्षण नेमके मित्राच्या अंगावर होते, आणि भाषेच्या भरवशावर मी त्याला चिरडण्याच्या बेतात होतो. अर्थात उलटे टोकही खरे नाही: उष्ण प्रदेशांत शत्रूच्या जातीतही तांबडा वाण सर्रास आढळतो, त्यामुळे रंगावरून इथे न्यायनिवाडा करताच येत नाही. चाल पाहावी. शत्रू मंद असतो, अंगावर काटेरी केस आणि कुशींवर डाग बाळगतो. मित्र तुळतुळीत, बेडाग आणि सदैव धावपळीत असतो, पुढचे दोन पाय आंधळ्याच्या काठीसारखे चाचपडत नेतो. अंड्यांतही फरक आहे: शत्रूचे वाटोळे, मित्राचे लांबट आणि जवळजवळ दुप्पट मोठे.

आंधळ्याच्या काठीची उपमा मी उगाच दिली नाही. या प्राण्याला डोळे नाहीत. मग त्याला भक्ष्य सापडते कसे, या प्रश्नाचे उत्तर हॉलंडातल्याच मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात शोधले, आणि ते उत्तर वनस्पतींविषयीच्या आपल्या कल्पनांना धक्का देणारे ठरले. ज्याला आपण डबल बी म्हणतो त्या शेंगेच्या झाडावर कोळी पडले की ते झाड विशिष्ट वायुरूप द्रव्ये हवेत सोडू लागते. दोन फाट्यांच्या काचेच्या नळीत एका बाजूने निरोगी पानांवरची आणि दुसऱ्या बाजूने ग्रासलेल्या पानांवरची हवा सोडली, तर पर्सिमिलिस दुसऱ्या फाट्याकडे वळतो. त्या द्रव्यांपैकी एक आहे मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे विंटरग्रीनच्या तेलातला तो उग्र वास, जो मुरगळलेल्या पायाला मलम चोळताना आपल्या नाकात भरतो. पीडित झाड फिर्याद लिहिते ती अशी, आणि आंधळा शिपाई ती हुंगून वाचतो.

पुढे काय होते ते मी एका दुपारी पुरते पाहिले. शिपाई रेशमाच्या छताखाली शिरला. ज्या जाळ्यात इतर भक्षकांचे पाय गुंततात त्यात हा सहज वावरतो, कारण हा प्राणी याच शिकारीसाठी घडलेला आहे. एका अंड्यावर त्याने पुढचे पाय टेकवले, तोंड लावले, आणि सुमारे दोन मिनिटांत ते मोती आतून रिते होऊन चुरगळले. मग दुसरे, मग तिसरे. दिवसाला अशी वीसेक अंडी व पिल्ले, किंवा पाच प्रौढ कोळी, एवढी याची खुराक असते. वीस-पंचवीस अंश उष्णतेत अंड्यापासून प्रौढ व्हायला याला आठवडाभर लागतो आणि त्याच उष्णतेत शत्रूला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, हे या युद्धाचे खरे रहस्य आहे. संख्येत हरलेला पक्ष पिढ्यांच्या शर्यतीत जिंकतो.

*

परंतु विजय सर्व आघाड्यांवर झाला नाही. तुळस, कढीपत्ता आणि आयव्ही या तिघांवर दोन आठवड्यांत शत्रूची दाणादाण उडाली. रेडिएटरला लागून असलेल्या पामवर मात्र आमचे शिपाई चार दिवसांत दिसेनासे झाले. आर्द्रतामापकाचा काटा तिथे पस्तिशीच्या आसपास रेंगाळत होता. पर्सिमिलिसला हवेत ६० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो, त्याची अंडी तर याहून कमी ओलाव्यात सुकूनच जातात, आणि तिशीच्या वरचे तापमान त्याला मानवत नाही. आम्ही पाम तिथून हलवला, सगळ्या कुंड्या एकमेकींची पाने टेकतील अशा जवळ आणल्या, म्हणजे शिपायांना एका झाडावरून दुसऱ्यावर जायला पूल मिळाले, आणि खाली खड्यांच्या तबकात पाणी भरून ठेवले.

याखेरीज पामसाठी मुलीने दुसऱ्या जातीचे कोळी मागवले: निओसियुलस कॅलिफोर्निकस. या दोन जातींतला भेद मला आपल्या जुन्या लष्करी परिभाषेशिवाय सांगता यायचा नाही. पर्सिमिलिस ही मुलूखगिरीवर निघालेली फौज आहे. तिची रसद शत्रूच्याच मुलखात; त्या एका जातकुळीच्या कोळ्यांखेरीज ती जवळजवळ काहीच खात नाही, शत्रू संपला की स्वकीयांवरही तोंड टाकते, आणि मग उपाशी मरते किंवा पांगते. कॅलिफोर्निकस ही ठाण्यावर बसवलेली शिबंदी आहे. तिचा हल्ला तितका जबर नसतो, पण शत्रू विरळ झाला तरी ती परागकणांवर, इतर बारीक जीवांवर गुजराण करीत पानामागे टिकून राहते, आणि कोरडी हवा व उन्हाळाही तुलनेने सोसते. उद्रेक झाला असेल तर फौज, उद्रेक होऊ नये अशी इच्छा असेल तर शिबंदी, हा त्या बाजारातला साधा हिशेब.

फौजेच्या उपासमारीचा हा मुद्दा मला अस्वस्थ करीत राहिला, कारण माझी अपेक्षा एकदाच बंदोबस्त करून कायमचे निश्चिंत होण्याची होती. अशा निश्चिंतीला निसर्गात जागा नाही, हे कार्ल हफेकर याने १९५८ साली कॅलिफोर्नियात संत्री मांडून दाखवले आहे. त्याने तबकांवर संत्री आणि रबरी चेंडू मांडले, त्यांवर एका जातीचे कोळी सोडले, मागून त्यांचे भक्षक सोडले. साध्या मांडणीत दर वेळी एकच घडे: भक्षक सगळे भक्ष्य संपवीत आणि मग स्वतः उपाशी मरत. मग त्याने २५२ संत्र्यांचे जग रचले, वाटांत व्हॅसलिनचे बांध घातले, भक्ष्याला रेशमाच्या धाग्यावर लटकून वाऱ्यासरशी पळता यावे म्हणून बारीक काड्या रोवल्या व पंखा लावला. तेव्हा कुठे पळणारे आणि पाठलाग करणारे यांचे तीन चढउतार होईपर्यंत ते जग टिकले. आमची खिडकी ही त्या मानाने दोन-चार संत्र्यांचीच. तिथे फौज जिंकणार आणि जिंकून मरणार हे ठरलेलेच. पुढच्या हिवाळ्यात शत्रू आला तर तिला पुन्हा बोलावणे धाडावे लागणार.

हसी आणि त्याच्या मंडळींनी तर यावरून एक अशी युक्ती काढली होती की तिची कल्पना सांगताच बागायतदारांच्या कपाळाला आठ्या पडत: पिकावर आधी आपणच सर्वत्र सारखे थोडे थोडे कोळी सोडायचे आणि मग त्यांच्यावर भक्षक सोडायचे. शत्रू एका कोपऱ्यात अवचित उसळण्यापेक्षा आपल्या हिशेबाने सगळीकडे विरळ असलेला बरा, म्हणजे फौजेची रसद तुटत नाही आणि पहारा अखंड राहतो. शास्त्रदृष्ट्या हे निर्दोष होते, पण आपल्या हाताने आपल्या पिकावर कीड सोडायला छातीचा कोट करावा लागतो, आणि तेवढी छाती थोड्यांचीच असते.

*

फाल्गुनात मी पुण्याला परतलो तेव्हा घरच्या गॅलरीतल्या गुलाबावर तीच फिकट ठिपक्यांची नक्षी उमटलेली होती. डेल्फ्टहून एखादी नळी खिशात घालून आणली असती तर काय बिघडले असते, असा मोह झाला होता हे कबूल करतो. पण परदेशातून जिवंत कीटक वा कोळी आणायला सरकारी परवाना लागतो, आणि तो नियम शहाणपणाचा आहे; शिवाय आमच्या चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत तो बिचारा आठवडाभरही तगला नसता. आपल्या हवेला सरावलेला भक्षक आपल्याकडे आहेच. निओसियुलस लाँजिस्पायनोसस ही जात भारतात सर्वत्र आढळते, पॉलिहाऊसमधल्या गुलाब, कार्नेशन, ढोबळी मिरची यांसारख्या पिकांसाठी कृषी विद्यापीठांतून तिच्यावर काम झालेले आहे, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा मित्रजीवांचा अभ्यास व संगोपन चालते. घरगुती कुंडीसाठी हे जीव डेल्फ्टइतके सुलभ नाहीत, हे खरे. परंतु आपली गॅलरी उघडी असते, आणि उघड्या गॅलरीला एक फायदा असतो जो बंद काचेच्या खिडकीला नाही. तिथे शिबंदी आपल्या पायांनी चालत येते.

मी गुलाबाला हात न लावता दहा दिवस फक्त पाण्याच्या झोताने पानांची पाठ धूत राहिलो आणि रोज भिंग लावत राहिलो. सहाव्या दिवशी एक काळा, टाचणीच्या डोक्याहून लहान भुंगेरा दिसला. स्टेथोरस नावाचा, ढालकिड्याच्या कुळातला हा जीव कोळ्यांवरच उदरनिर्वाह करतो. आठव्या दिवशी एक फिकट, तुळतुळीत, धावरा कोळी दिसला, त्याच्या जवळच लांबट अंडे होते. त्यांना कोणी बोलावले, हे आता मला विचारावे लागले नाही. मागच्या वर्षी याच गुलाबावर मी स्वतः महिन्यातून दोनदा फवारा मारीत असे, आणि कोळी काही केल्या हटत नाहीत म्हणून औषधवाल्याला दूषणे देत असे. त्या फवाऱ्यांत किती चौकीदार मारले गेले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

या जीवांना आपण 'मित्र' म्हणतो. तो आपला सोयीचा शब्द आहे. त्यांना तुळस ठाऊक नाही, गुलाब ठाऊक नाही, आपण तर नाहीच नाही. त्यांना भूक आहे आणि तिचे खाद्य आपल्या पानामागे आहे, एवढाच हा करार. तो पाळायचा तर आपल्या बाजूची अट एकच: शत्रूचा समूळ निर्वंश करण्याचा हट्ट सोडावा, पानावर चार ठिपके सोसावे, आणि पहारेकऱ्याला पोटापुरते राहू द्यावे. पाच मिनिटांत परिणाम मागणाऱ्या माणसाला ही अट जड जाते. मला स्वतःला ती पाळायला साठी उलटावी लागली.

तेव्हा वाचकांपाशी मागणे थोडेच आहे. या दिवाळीत झाडांची कुंडी घेताना दहापट मोठे दाखवणारे एक भिंगही घ्यावे. फवाऱ्याच्या बाटलीहून ते महाग पडत नाही. पान निस्तेज दिसले तर ते उलटून पाहावे, पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. आणि जो तांबडा जीव धावताना दिसेल त्याच्यावर बोट टेकवण्याआधी तो चोर आहे की चौकीदार, याची एकवार चौकशी करावी.